सोडून दिलेले ढग : सोलापूरच्या आकाशातला एक प्रयोग

"मास्तर, तुम्ही म्हणताय एक ढग पेरला आन् एक मुद्दाम सोडून दिला. सोडलेला आमच्या रानावरचा होता का, तेवढं सांगा."

हा प्रश्न मोहोळकडच्या आमच्या दाजींचा. २०२३ साली, सोलापुरात कृत्रिम पावसाने ४६ टक्के वाढ झाली अशा धाटणीच्या बातम्या आल्या, तेव्हाचा. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. एम.एस्सी.च्या मुलांना संशोधनपद्धतीचा तासही माझ्याच गळ्यात असतो, कारण तो घ्यायला दुसरं कोणी तयार नसतं. दाजींना मी त्या दिवशी जे उत्तर दिलं ते माझं मलाच पटलं नाही. तेव्हापासून दर वर्षी हे प्रकरण वर्गात मांडतो. मुलं दर वर्षी नवी भोकं दाखवतात. आता ते सलग लिहून काढतोय.

काय झालं होतं

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. आयआयटीएम म्हणतात तिला. पवईच्या आयआयटीशी तिचा संबंध नाही. ती केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची संशोधन संस्था. ढग, हवेतले सूक्ष्म कण आणि पाऊस यांचं आपसांत काय चालतं हे तपासायला या संस्थेने २००९ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याचं नाव पडलं 'कायपेक्स'. सुरुवातीला विमानं देशात ठिकठिकाणी फिरली, नुसती मोजमापं घेत. चौथ्या टप्प्यासाठी मात्र एकच जागा धरून बसायचं ठरलं आणि ती जागा निघाली सोलापूर. २०१८ आणि २०१९ हे दोन पावसाळे.

केगावच्या बाजूला एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात ढगातला पाऊस टिपणारं सी-बँड रडार आणि जमिनीवरची उपकरणं आली. भोवताली पर्जन्यमापकांचं जाळं विणलं गेलं. वर आकाशात दोन विमानं : एक पेरणारं, एक मोजणारं. सोलापूरला तेव्हा नियमित प्रवासी विमानसेवा नव्हती. होटगी रस्त्यावरचा विमानतळ म्हणजे निवडणुकीच्या दिवसांत जाग येणारी जागा. त्यामुळे ढगाखालून घरघरत जाणारं छोटं विमान दिसलं की चहाच्या टपरीवर सगळ्यांच्या माना वर. मग दोन पक्ष पडायचे. "पाऊस पाडणारं इमान हाय" म्हणणारा एक, आणि "ते आलं की ढग पळतेत" म्हणणारा दुसरा. दुसऱ्या पक्षाचं बहुमत असायचं.

काळ कसा होता तेही लक्षात घ्यायला हवं. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले तालुकेही होते. पुढच्या उन्हाळ्यात सांगोला-मंगळवेढ्याकडे चारा छावण्या लागल्या. उजनी धरण 'मायनस'मध्ये, म्हणजे वापरता येण्याजोग्या साठ्याच्या खाली, गेलं होतं. अशा वेळी कुणी विमान घेऊन ढगात शिरतंय म्हटल्यावर तो पाऊस पाडायलाच आलाय, असं लोकांनी धरलं तर त्यांचं काय चुकलं? पण प्रयोगाचं काम ते नव्हतं. ढगात रसायन पेरल्याने खरोखर जादा पाऊस पडतो का, आणि पडत असेल तर किती, हे मोजायचं होतं. पाडणं आणि मोजणं यांतला हा फरक या प्रकरणाच्या मुळाशी आहे. पुढचे सगळे गैरसमज तिथूनच फुटतात.

ढगालाही वाफसा लागतो

सोलापूरच का, याचं उत्तर भूगोलात आहे. नैर्ऋत्येकडून आलेले वारे सह्याद्रीवर आपलं ओझं उतरवतात. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, आणि घाट उतरून पूर्वेला यावं तसतसा तो शेकड्यांवर येतो. आपण पर्जन्यछायेत. ढग येतात, नाही असं नाही. श्रावणात दुपारी कापसाच्या गठ्ठ्यांसारखे ढग चढतात, काळवंडतात, वारा सुटतो, आणि अंगणातलं धान्य आत घेईपर्यंत सगळं विरून जातं. हवामानशास्त्राला हेच ढग हवे होते : जवळ पाणी असलेले, पण पाऊस होता होता राहिलेले.

ढगात पाणी आहे म्हणजे पाऊस आहेच असं नसतं. ढगातला साधा थेंब दहाएक मायक्रॉन त्रिज्येचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पावसाचा टपोरा थेंब एक मिलिमीटर त्रिज्येचा धरला, तर तो एक थेंब व्हायला ढगातले दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. वर्गात मी मुलांना हा हिशेब फळ्यावर करायला लावतो. शंभराचा घन म्हटल्यावर चटकन कळतं. आता हे दहा लाख एकत्र यायचे कसे? सगळे सारखेच बारीक असतील तर सगळे सारख्याच संथपणे तरंगत राहतात, कुणी कुणावर आदळत नाही. त्यातले काही १२ ते १४ मायक्रॉनपर्यंत वाढले, की ते इतरांपेक्षा वेगाने खाली घसरू लागतात आणि वाटेत येणाऱ्यांना पोटात घेतात. एकदा ही गिळागिळी सुरू झाली की काही मिनिटांत पाऊस.

मग अडतं कुठे? हवेत धूळ, धूर, काजळी असते, आणि वाफेला बसायला अशा एखाद्या कणाचा पाट लागतो. कण जितके जास्त तितके वाटेकरी जास्त. सहा एकर सहा भावांत वाटलं की कुणाचीच धड शेती होत नाही, तसं ढगातल्या पाण्याचं होतं. असंख्य बारीक थेंब होतात, वाढत कुणीच नाही, आणि ढग तसाच सुकतो.

सोलापुरात वापरलेली पद्धत या वाटणीत ढवळाढवळ करणारी होती. विमानाच्या पंखांना नळकांड्या लावलेल्या; त्या पेटवल्या की कॅल्शियम क्लोराइडचे कण धुरातून सुटतात. हे कण आकाराने जरा मोठे आणि पाण्याला हपापलेले. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते ते आठवा. ढगाच्या तळाखाली जिथे हवा वर ओढली जात असते, तिथे विमान हे कण सोडतं. ते वर जाऊन भराभर पाणी ओढतात, मोठे थेंब तयार होतात, आणि गिळागिळीला सुरुवात करून देणारे पहिले गडी मिळतात. दुसरी एक पद्धत आहे, सिल्व्हर आयोडाइडची. १९४६ साली अमेरिकेत सापडलेली. ती ढगाच्या वरच्या, शून्याखालच्या थंड भागासाठी, आणि बर्फाच्या वाटेने जाणारी. इथे भर पहिल्या पद्धतीवर होता.

ढगच नसेल तर दोन्ही पद्धती निरुपयोगी. हे वाक्य मी वर्गात तीनदा म्हणतो. कोरड्या आकाशात विमान उडवून पाऊस आणता येत नाही. दाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांना ते माझ्याआधी कळलं. "म्हंजे वाफसा आल्याबिगर पेरायचं नाय," म्हणाले. वाफसा म्हणजे जमिनीतली पेरणीजोगी ओल. अगदी तेच. ढगाची उंची पुरेशी हवी, तळाशी हवा वर चढणारी हवी, आत द्रवरूप पाणी हवं. एवढं जुळलं तरच तो ढग प्रयोगात घ्यायचा.

चिठ्ठी

आणि प्रयोगात घेतल्यावरही तो पेरायचा की नाही, हे शास्त्रज्ञाने ठरवायचं नाही. ते चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिक पद्धतीने ठरतं. कौल पेरण्याचा निघाला तर नळकांड्या पेटवायच्या. न पेरण्याचा निघाला तर तितक्याच काळजीने सगळी मोजमापं घ्यायची आणि ढगाला हात न लावता परत यायचं. दोन पावसाळ्यांत अशा २७६ ढगांचा अभ्यास झाला. पेरलेले आणि सोडलेले मिळून.

संशोधनपद्धतीच्या पुस्तकात 'नियंत्रण गट' नावाचं प्रकरण असतं. मुलं ते पाठ करून लिहितात आणि पेपर संपला की विसरतात. चारा छावणीच्या दिवसांत भरलेला ढग सोडून परत येणाऱ्या विमानाची गोष्ट मात्र विसरत नाहीत. कारण पहिला प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी येतोच : सर, सगळेच का नाही पेरले?

सगळे पेरले असते तर प्रयोग संपला असता आणि आपल्याला काहीही कळलं नसतं. पेरायला नेहमी चांगला ढगच निवडला जातो. आणि चांगला ढग न पेरताही बरेचदा पडतोच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. फांदी कावळ्यामुळे मोडली की आधीच कुजलेली होती, हे कळायला तसल्याच फांद्या हव्यात ज्यांवर कावळा बसला नाही. त्यातही कावळ्याने स्वतः निवडलेली फांदी नको. माणूस निवडायला लागला की नकळत चांगले ढग एका बाजूला आणि मरतुकडे दुसऱ्या बाजूला जातात, म्हणून चिठ्ठी.

महाराष्ट्राला ही शिस्त नवी नव्हती. बारामती भागात याच संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे असाच प्रयोग केला होता. तेव्हा मिठाची पूड फवारत, आणि दोन शेजारी पट्ट्यांपैकी आज कुठला पेरायचा हे यादृच्छिकपणे ठरवत. निष्कर्ष निघाला २४ टक्के वाढीचा. अकरा हंगाम! आजच्या कुठल्या प्रकल्पाला कोण एवढा वेळ देईल? नंतर २००३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादहून, राज्य सरकारने कृत्रिम पावसाच्या मोहिमा काढल्या. त्या दुष्काळ निवारणाच्या मोहिमा होत्या. लोकांना पाऊस हवा असताना तुलनेसाठी ढग सोडणं त्यांत बसणार नव्हतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे त्या पावसातला किती मोहिमेचा आणि किती वरुणाचा, हा वाद कायमचा राहिला.

आता दाजींचा प्रश्न. त्या दिवशी मी म्हणालो, "कुठला ढग सोडायचा ते कुणीच ठरवलं नाही, चिठ्ठीवर ठरलं." ते म्हणाले, "म्हंजे नशीबच की." मी औषधाचं उदाहरण दिलं. नवीन औषधाच्या चाचणीत अर्ध्या रोग्यांना ते देत नाहीत. ते लागू पडतं की नाही हेच माहीत नसतं, त्यामुळे न मिळालेल्याचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही. यावर त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "तुमाला म्हाईत नव्हतं ते ठीक. पण दवाखान्यात रोग्याला विचारत्यात का नाय, का तसंच?"

विचारतात. संमतीपत्रावर सही घेतात. आकाशाच्या बाबतीत सही कुणाची घ्यायची? ढग सातबाऱ्यावर नसतो. शिवाय पेरणीचा परिणाम पेरलेल्या जागेच्या खाली दिसत नाही, वाऱ्याच्या दिशेला पुढे दिसतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडचा; मोहोळावर पेरलेला ढग सोलापूर, अक्कलकोटच्या दिशेने सरकणार. म्हणजे दाजींच्या रानावरचा ढग पेरला असता तरी पाऊस दुसऱ्याच कुणाच्या रानात गेला असता, आणि दाजींच्या वाट्याला आला असता तो माढ्याकडे पेरलेला. शास्त्र म्हणून हे उत्तर बरोबर आहे. ते देताना आपण थोडे निसटतोय असं मला दर वेळी वाटतं.

४६ की १८

निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकन मेटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाले. प्रकल्पाच्या प्रमुख थारा प्रभाकरन. दोन आकडे पुढे आले. काही ठिकाणी पाऊस ४६ टक्क्यांपर्यंत वाढला, अधिक-उणे १३. आणि पेरणीच्या वाऱ्याखालच्या १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी वाढ १८ टक्के, अधिक-उणे २.६.

लोकांच्या लक्षात राहिला पहिला. माझ्या वर्गातही, आधी माहिती असलेल्यांना विचारलं तर, दहातले आठ जण ४६ म्हणतात. 'काही ठिकाणी' गळून गेलं, '±' तर छापतानाच गळलं असावं. दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. ४६ हा कुठल्या कुठल्या पर्जन्यमापकावर दिसलेला, वरचा आकडा. १८ हा सगळ्या क्षेत्रावर पसरवलेला. वर्गातल्या एका मुलाला ९२ मिळाले आणि वर्गाची सरासरी ५८ असेल, तर पालकसभेत कुठला आकडा सांगतात हे आपण जाणतोच.

४६ अधिक-उणे १३ म्हणजे ३३ ते ५९ एवढी रुंद पट्टी. १८ अधिक-उणे २.६ म्हणजे १५.४ ते २०.६, ही अरुंद, म्हणून जास्त भरवशाची. शास्त्रज्ञाचा अभिमान खरं तर दुसऱ्या आकड्यात असतो. बारामतीचा २४ शेजारी ठेवला तर घराणं एकच दिसतं, पद्धती वेगळ्या असूनही.

दोन पावसाळ्यांत मिळून जादा पाणी किती? सांगितला गेलेला आकडा ८६ कोटी ७० लाख लिटर, आणि खर्च लिटरमागे १८ पैसे. इथे मी मुलांच्या हाती खडू देतो.

पहिला हिशेब शहराचा. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८. माणशी रोज १३५ लिटर धरलं, तर हे पाणी पावणेसात दिवस पुरेल. चार-पाच दिवसांआड नळ येण्याची सवय असलेल्या गावाला पावणेसात दिवस कमी वाटत नाहीत.

दुसरा हिशेब धरणाचा. उजनीची क्षमता ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. आपलं जादा पाणी एका टीएमसीच्या तीन टक्के. दौंडजवळून एक लाख क्युसेकने पाणी येत असेल, तर तेवढं पाणी उजनीत पाच मिनिटांत येऊन पडतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे प्रत्यक्ष दिसलं. पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस झाला, मायनसमधली उजनी काही आठवड्यांत भरली, पंढरपुरात भीमेला पूर आला, आणि त्याच वेळी जिल्ह्यातली कितीतरी गावं आभाळाकडे बघत बसली होती. एका बाजूला पूर आणि दुसऱ्या बाजूला पेरलेल्या ढगांचे थेंब मोजणारी माणसं, एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात.

तिसरा हिशेब रानाचा, आणि दाजींना रस फक्त यातच होता. ८६ कोटी ७० लाख लिटर १०० चौरस किलोमीटरवर पसरलं तर ८.६७ मिलिमीटर होतं. एकराला सुमारे ३५ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर साडेतीन. धरणातलं पाणी मुरमाड माळावर चढत नाही. हे पाणी जिथे पडलं तिथेच मुरलं. तुरीला फुलोऱ्याच्या वेळी आठ मिलिमीटर मिळणं आणि पीक निघाल्यावर मिळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक; पण ती वेळ ढग ठरवणार. आणि जिल्हा १४,८०० चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला. त्यातल्या १०० चौरस किलोमीटरची ही गोष्ट.

१८ पैसे लिटर म्हणजे दहा हजार लिटरला १,८०० रुपये. आपल्या गल्लीत टँकर कितीला येतो ते ज्याचं त्याला ठाऊक. विमानं आपली असती तर खर्च निम्म्याहून खाली येईल असंही सांगितलं गेलं. सगळ्याचा गुणाकार केला तर साडेपंधरा कोटींच्या आसपास जातो, आणि वर्गात दर वर्षी कुणीतरी हात वर करून विचारतं की एवढ्यात किती शेततळी झाली असती. प्रश्न चांगला आहे, पण जागा चुकलेली आहे. शेततळ्यात पाणी साठतं का हे शोधायला प्रयोग लागत नाही. हा पैसा एका प्रश्नाचं उत्तर मिळवायला गेला, पाणी त्यासोबत आलं. संशोधकांनीही एकट्या ढगपेरणीने पाणीटंचाई सुटेल असं म्हटलेलं नाही.

ही प्रयोगशाळा जुनी आहे

बाहेरच्या संस्थेने येऊन सोलापूरला प्रश्न विचारण्याची ही पहिली वेळ नव्हती. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची देशातली सुरुवातीची जी केंद्रं १९३० च्या दशकात निघाली, त्यांत सोलापूर होतं. आपण खातो त्या भाकरीची मालदांडी एम ३५-१ ही मोहोळच्या केंद्रावरची निवड. आणि १९७५ मध्ये हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेने कोरडवाहू गावांचा अभ्यास सुरू केला तेव्हा सहा गावांत दोन आपली होती : मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि उत्तर सोलापुरातलं कळमण. गावागणिक चाळीस कुटुंबं, भूमिहीन मजुरापासून मोठ्या बागायतदारापर्यंत. काय पेरलं, काय विकलं, कुणाकडून उसने घेतले, बैल कधी विकला, सगळं नोंदलेलं. संस्थेचे अन्वेषक गावातच राहत, आणि हे दहा वर्षं चाललं.

या वह्यांवर जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी शोधनिबंध लिहिले. रॉबर्ट टाउनसेंड यांचा १९९४ चा निबंध तर अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत सगळीकडे वाचला जातो : एका घराचं उत्पन्न बुडालं तर त्याचं ताटही रिकामं होतं का, की गाव सांभाळून घेतं? सांभाळून घेतं, बऱ्याच अंशी. भूमिहीनाला मात्र कमी. शिरापूरच्या एसटीत बसणाऱ्या किती जणांना आपल्या गावाचं नाव या विषयात किती घेतलं जातं हे माहीत असेल, कोण जाणे. दाजींना नव्हतं. त्यांच्या गावापासून शिरापूर सात-आठ किलोमीटरवर.

आमची फाइल

आता जरा घरचं. आमच्या महाविद्यालयात सामंजस्य करारांची एक जाडजूड फाइल आहे. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या 'नॅक'ची समिती आली की ती टेबलावर येते. कारखान्यांशी करार, संस्थांशी करार, एक तर परदेशातल्या महाविद्यालयाशी. फोटोत सगळे उभे, हातात निळी फोल्डरं. त्यांतल्या किती करारांखाली एक तरी मोजमाप झालं, हे विचारू नये.

२०१८ च्या जूनमध्ये, केगावला रडार लागल्याचं कळल्यावर, मी एक साधा प्रस्ताव टाकला होता. आमची निम्मी मुलं खेड्यांतून येतात. वीस मुलांना वीस साधी, हाताने वाचायची पर्जन्यमापकं द्यायची. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेला, नोंद करायची. खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मांडवाहून कमी. प्रस्ताव विभागातून गुणवत्ता कक्षाकडे, तिथून खरेदी समितीकडे गेला. तीन कोटेशनं मागवली. एका कोटेशनवर शिक्का नव्हता म्हणून ते परत. मंजुरी आली तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता आणि ज्वारी गुडघ्याला लागली होती. पुढच्या वर्षी आर्थिक वर्ष बदललं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मीही मग पाठपुरावा सोडला. दोष एकट्या समितीचा नाही.

त्या नोंदींचा मूळ प्रयोगाला फार उपयोग झाला असता असं मी म्हणणार नाही. एका ढगाचा पाऊस पंधरा-वीस मिनिटांचा. दिवसातून एकदा घेतलेल्या नोंदीत तो ओळखू येत नाही. त्याला दर काही मिनिटांनी आपोआप नोंदणारी उपकरणं लागतात, आणि ती त्यांच्याकडे होती. पण वीस गावांतल्या वीस घरांत, विमान आल्यावर ढग पळतात का, याला उत्तर म्हणून दाखवायला एक वही असती. दाजींच्या गावचा मुलगाही त्या वीसांत होता. तो आता पुण्यात नोकरीला आहे.

मोठ्या संस्था सहकार्य म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात दुसरी मोठी संस्था असते, आणि लहान महाविद्यालयं सहकार्य म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात फोटो. रडारला जागा लागते, वीज लागते, रखवालदार लागतो; तेवढं गाव देतं. त्याच्या पुढचं काही मागायला हवं हे आम्हाला सुचलंही उशिरा, आणि सुचल्यावर आम्ही शिक्क्यात अडकलो.

दिल्लीची एक नोंद

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत प्रदूषण खाली बसावं म्हणून दिल्ली सरकार आणि आयआयटी कानपूरने ढगपेरणी केली. शहरात पाऊस असा पडलाच नाही. ढगांत आर्द्रता फारच कमी होती, असं संस्थेनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तासाला गेलो तर फळ्यावर आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं : "वाफसा नव्हता." दाजींचा शब्द मी कधीतरी वर्गात वापरला असणार.

त्यावर चर्चा रंगली. एका मुलीचं म्हणणं, वाफसा असता आणि पाऊस पडला असता तरी आपल्याला काय कळलं असतं? शेजारी सोडलेला ढग कुठे होता? मी तिला पूर्ण गुण दिले, तोंडी परीक्षा नसताना.

त्याच वर्षीच्या जूनपासून आमच्या गच्चीवर दोन पर्जन्यमापकं आहेत. कोटेशन न मागवता, शिक्षकांनी वर्गणी काढून आणलेली. मुलं पाळीने साडेआठला वर जातात आणि दोरीने बांधलेल्या वहीत लिहितात. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन भांड्यांतही आकडा सारखा येत नाही, यावरून पहिल्या आठवड्यात भांडणं झाली. मग '±' म्हणजे काय ते शिकवावं लागलं नाही. दिवाळीच्या सुट्टीतली पानं मात्र कोरी आहेत, आणि त्या दिवसांत एकदा चांगली सर येऊन गेली होती.